सहावा गठ्ठा

महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत कागद ठेवण्याची एक जुनी शिस्त आहे : सहा गठ्ठा पद्धत. हातात असलेली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी प्रकरणं, ठरलेल्या मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जायचे कागद आणि सहाव्या गठ्ठ्यात नष्ट करायचे कागद. नष्ट करायच्या कागदालाही तिथे स्वतःची जागा आहे. तो गठ्ठ्यात येण्याआधी त्याचा वर्ग ठरतो. ‘अ’ वर्गाचा कागद कायम राहतो, ‘ब’ ३० वर्षं, ‘क-१’ १० वर्षं, ‘क’ ५ वर्षं आणि ‘ड’ वर्षभर. मुदत संपली की निंदणीकरण होतं : काय काढायचं याची यादी, यादीवर अधिकाऱ्याची मंजुरी, मग नाश आणि नोंदवहीत त्याची नोंद. ही पद्धत कुठे किती पाळली जाते हा वेगळा विषय. पण ती आखणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की कागद तयार करण्यापेक्षा तो नष्ट करण्याचे नियम कडक असायला हवेत.

हेच कागद संगणकावर आणण्यात कल्याण-डोंबिवली महानगरपालिका फार पुढे होती. १ ऑक्टोबर १९८३ ला स्थापन झालेल्या या पालिकेने १९९९ च्या सुमारास ई-गव्हर्नन्सचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईच्या एबीएम नॉलेजवेअर या कंपनीने त्यासाठी सॉफ्टवेअर तयार केलं. जन्म-मृत्यूचे दाखले, मालमत्ता कर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी अशी कामं नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीवर आली आणि पुढे राज्यातल्या इतर नगरपालिकांसाठी याच प्रकल्पाचा नमुना घेतला गेला. कल्याणमध्ये झालेलं हे काम आजही अभिमानाने सांगावं असं आहे.

मात्र कागद संगणकात गेला की निंदणीकरणाची ती सगळी साखळी प्रोग्रॅममधल्या एका ओळीत उतरते. फाइल काढून टाकण्याची आज्ञा जवळजवळ प्रत्येक संगणकीय भाषेत आहे आणि ती वापरायला पाच मिनिटांत शिकता येते. आपण माउसने फाइल डिलीट करतो तेव्हा विंडोज ती रिसायकल बिनमध्ये ठेवतं. ही सोय १९९५ पासून आहे. प्रोग्रॅमने दिलेली आज्ञा त्या टोपलीकडे जातच नाही. ‘नक्की काढू का?’ असा प्रश्नही येत नाही. सहावा गठ्ठा हवा असेल तर तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानेच बांधायचा असतो, आणि बहुतेक वेळा तो बांधला जात नाही. हा लेख लिहायचं कारण हेच.

आधी फाइल पुसली जाते म्हणजे नक्की काय होतं ते पाहू.

लिनक्स आणि युनिक्सच्या घराण्यातल्या इतर सिस्टीममध्ये फाइलचं नाव एका ठिकाणी असतं आणि फाइल दुसऱ्याच ठिकाणी. प्रत्येक फाइलची एक क्रमांक असलेली नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. आयनोडमध्ये फाइलचा आकार, मालक, तारखा आणि तिचा मजकूर डिस्कवर कुठे कुठे ठेवला आहे हे लिहिलेलं असतं. नाव मात्र तिथे नसतं. नाव असतं फोल्डरमध्ये, ज्याला प्रोग्रॅमर डिरेक्टरी म्हणतात. डिरेक्टरी म्हणजे एक तक्ता : या नावाचा हा क्रमांक. एकाच क्रमांकाला दोन-तीन नावं असू शकतात, आणि किती नावं आहेत याचा हिशेब आयनोड ठेवतो. म्हणूनच युनिक्समध्ये फाइल काढण्याच्या मूळ आज्ञेचं नाव ‘अनलिंक’ आहे. ती तक्त्यातली एक ओळ खोडते आणि नावांची संख्या एकने कमी करते. संख्या शून्यावर आली आणि कोणत्याही चालू प्रोग्रॅमने ती फाइल उघडून ठेवलेली नसली, तरच तिची जागा मोकळी झाली असं सिस्टीम मानते.

यातून निघणाऱ्या काही गोष्टी अनुभवी माणसालाही चकवतात. फाइलवर ‘फक्त वाचा’ असं बंधन घातलं म्हणजे ती सुरक्षित झाली, असं पुष्कळांना वाटतं. विंडोजमध्ये ते बऱ्याच अंशी खरं आहे. युनिक्समध्ये फाइल काढायचा अधिकार सहसा डिरेक्टरीवरच्या परवानगीवरून ठरतो, कारण खोडायची असते ती डिरेक्टरीतली ओळ. ज्याला त्या डिरेक्टरीत लिहिता येतं, त्याला आतली ‘फक्त वाचा’ फाइलही काढून टाकता येते.

दुसरी गोष्ट ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्रपाळी करणाऱ्या कोणालाही माहीत असेल. सर्व्हरची डिस्क भरते. कोणीतरी एक अवाढव्य लॉग फाइल काढून टाकतं, तरी डिस्क भरलेलीच दिसते. फाइल यादीत नाही आणि जागाही मोकळी होत नाही, कारण लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने ती अजून उघडी धरलेली असते. तो प्रोग्रॅम बंद किंवा पुन्हा सुरू केला की जागा मिळते. विंडोजची रीत बहुधा उलटी असते. कोणी फाइल वापरत असेल तर ती काढूच देत नाही आणि प्रोग्रॅमला चूक कळवते. त्यामुळे एका सिस्टीमवर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसरीवर अडखळतो.

तिसरी गोष्ट : नाव गेलं तरी मजकूर डिस्कवर तसाच पडून राहतो, त्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. पेनड्राइव्हवर अनेकदा असणाऱ्या जुन्या फॅट पद्धतीत फाइल काढताना तिच्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ‘काढली’ अशी खूण पडते आणि तिच्या जागा मोकळ्या असल्याचं नोंदलं जातं. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जप्त हार्ड डिस्कमधून ‘पुसलेली’ माहिती बाहेर येते ती यामुळेच. नव्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र ऑपरेटिंग सिस्टीम ‘ट्रिम’ नावाची सूचना पाठवून कोणती जागा रिकामी झाली ते डिस्कलाच सांगते आणि डिस्क ती जागा आतून साफ करते. तिथे गेलेली फाइल परत मिळण्याची आशा फार कमी. पंधरा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबून ‘काढता येईल परत’ असं कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता डिरेक्टरी. रिकामी नसलेली डिरेक्टरी काढायची साधी आज्ञा सिस्टीम नाकारते. हा नकार फार मोलाचा आहे. आत काही आहे, आधी ते पाहा, असं सिस्टीम सांगत असते. पण रोजच्या कामात आतल्या सगळ्यासकट डिरेक्टरी काढायची वेळ येतेच. मग प्रोग्रॅमला तळापासून वर यावं लागतं : सर्वांत आतल्या फोल्डरमधल्या फाइली, मग तो फोल्डर, मग त्याच्या बाहेरचा. पायथॉनमध्ये हे सगळं काम ‘आरएमट्री’ नावाची एक आज्ञा करते, लिनक्सच्या कमांडलाइनवर ‘आरएम’ला दोन अक्षरं जोडली की होतं. सोय मोठी आहे, आणि त्या सोयीत सिस्टीमचा तो नकार हरवतो.

शिवाय हे काम एका झटक्यात होत नाही. हजार फाइलींपैकी सहाशे गेल्यावर एका फाइलीची परवानगी नसल्याचं निघालं, तर प्रोग्रॅम तिथे थांबू शकतो. सहाशे गेलेल्या असतात, चारशे राहिलेल्या, आणि मागे फिरायची वाट नसते. जावाच्या जुन्या पद्धतीत तर काम झालं नाही तर फक्त ‘खोटं’ असं उत्तर यायचं. का झालं नाही ते कळायचं नाही, आणि उत्तर तपासायची सक्तीही नव्हती. जुलै २०११ मध्ये आलेल्या जावा ७ ने नवी पद्धत दिली. तिच्यात फाइल सापडली नाही, डिरेक्टरी रिकामी नव्हती, परवानगी नव्हती, अशी वेगवेगळी कारणं स्पष्ट कळतात. कोणी अजून जुनी पद्धत शिकवत असेल तर ती आता सोडावी.

या एका ओळीने जगात काय काय घडवलं आहे ते पाहिलं की विषयाचं वजन कळतं. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी नावाच्या प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ या डिरेक्टरीच्या नावापुढे एक मोकळी जागा चुकून पडली. एक लांब पत्ता तुटून दोन पत्ते झाले, आणि पहिला पत्ता होता सिस्टीमचा बहुतांश भाग जिथे असतो तो. जानेवारी २०१५ मध्ये स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीत असंच झालं. आपण कुठल्या डिरेक्टरीत आहोत हे शोधून ते एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायचं आणि तिथलं सगळं काढायचं, असं स्क्रिप्ट होतं. काही वापरकर्त्यांकडे तो चल रिकामा राहिला. रिकाम्या पत्त्यापुढे तिरकी रेघ लागली की पत्ता होतो संपूर्ण डिस्कचा. वापरकर्त्याच्या स्वतःच्या फाइलींसकट जोडलेली बाहेरची डिस्कही साफ झाली. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने ‘भीतिदायक’ अशा अर्थाचा शेरा इंग्रजीत लिहून ठेवला होता. धोका दिसला होता. चल रिकामा आहे का हे तपासणारी एक ओळ मात्र लिहिली गेली नव्हती.

ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं प्रकरण मला याहून जास्त शिकवणारं वाटतं, कारण तिथे चूक टंकलेखनाची नव्हती, समजुतीची होती. काही लोकांनी आपला ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. जुन्या जागी त्याच नावाचा फोल्डर उरे. रिकामे जुळे फोल्डर दिसतात अशी तक्रार आल्यावर मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या नव्या आवृत्तीत ते काढून टाकणारा प्रोग्रॅम घातला. काहींच्या त्या जुन्या फोल्डरमध्ये फाइली शिल्लक होत्या. प्रोग्रॅमने फोल्डर रिकामा आहे असं गृहीत धरलं आणि लोकांची कागदपत्रं, फोटो गेले. २ ऑक्टोबरला आलेली ही आवृत्ती काही दिवसांतच थांबवावी लागली आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त होऊन पुन्हा आली. रिकामी नसलेली डिरेक्टरी नाकारणारी साधी आज्ञा तिथे वापरली असती, तर या फाइली वाचल्या असत्या.

आणि ३१ जानेवारी २०१७ ची, प्रोग्रॅमचे कोड साठवणाऱ्या गिटलॅब या सेवेतली घटना. रात्री उशिरा एक अभियंता दुय्यम सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी काढायला गेला आणि आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली गेली. सेकंदा-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं. बॅकअपच्या अनेक तरतुदी होत्या. त्यांतल्या बऱ्याच बंद पडल्याचं तेव्हाच कळलं. सुमारे सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून त्याआधीचं सगळं वाचलं. कंपनीने ही चूक न लपवता तपशीलवार जाहीर केली, हे तिचं मोठेपण. परत वाचून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नये, हे तिथून शिकावं. बॅकअपची प्रत दुसऱ्या जागी हवी, हे तर आपल्याकडे वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी कल्याण-बदलापूरच्या तळमजल्यांत शिरलं होतं आणि २१ जून २०१२ च्या मंत्रालयाच्या आगीत हजारो फाइली गेल्या.

मग लिहायचं कसं? एक घरचं उदाहरण घेऊ. डोंबिवलीत फडके रोडसारख्या रस्त्यावरचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एखादं दुकान समजा. दिवसभर आधार, पॅन, शाळा सोडल्याचे दाखले स्कॅन होतात आणि एका फोल्डरमध्ये साठत जातात. दुकानदाराची मुलगी बीएस्सी आयटी करते. तिला ३० दिवसांहून जुने स्कॅन आपोआप काढणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे.

पहिला प्रश्न : जुने म्हणजे कोणत्या तारखेने? फाइलवर शेवटचा बदल केल्याची तारीख घेतली तर फसगत होते. गिऱ्हाइकाने पेनड्राइव्हवरून आज सकाळी दिलेल्या फाइलीवर २०१९ ची तारीख असू शकते, कारण कॉपी करताना बऱ्याचदा जुनी तारीख तशीच राहते. आज आलेलं काम आज रात्रीच पुसलं जाईल. म्हणून दुकानात फाइल आली ती तारीख प्रोग्रॅमने स्वतः नोंदवायला हवी, किंवा रोजचा वेगळा फोल्डर करून त्याच्या नावातच तारीख घालावी.

दुसरा : पत्ता कुठून येतो? सेटिंग्जच्या फाइलीतून येत असेल आणि ती रिकामी असेल तर? प्रोग्रॅमने आधी पाहावं की पत्ता रिकामा नाही, पूर्ण आहे, आणि ठरलेल्या फोल्डरच्या आतलाच आहे. त्या फोल्डरमध्ये एक खुणेची फाइल ठेवावी, ती दिसली नाही तर काहीही न काढता थांबावं. फोल्डरमध्ये दुसरीकडे नेणारे दुवे असतील तर दुवा काढावा, त्याच्या मागे जाऊ नये. पायथॉनची आरएमट्री हे दुवे ओळखते, पण विंडोजवरच्या ‘जंक्शन’ प्रकारच्या दुव्यांच्या मागे जाऊन आतलं साफ करण्याची तिची सवय ३.८ या आवृत्तीपासून थांबली. तपासणं आणि काढणं यांच्या मधल्या क्षणी कोणी मुद्दाम फोल्डरच्या जागी दुवा बसवला तर काय, हा त्याहून अवघड प्रश्न. जानेवारी २०२२ मध्ये रस्ट या सुरक्षिततेसाठी नावाजलेल्या भाषेतही नेमकी हीच त्रुटी सापडून दुरुस्त झाली. दुकानासाठी एवढं खोल जायची गरज नाही. अनेक जण एकत्र वापरतात त्या सर्व्हरसाठी आहे.

आणि तिसरी, मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट : एकदम पुसायचं नाही. आधी नुसती यादी करायची, काय काढलं गेलं असतं ते दाखवायचं. रोज साधारण जेवढ्या फाइली निघतात त्याच्या कितीतरी पट निघाल्या तर थांबून माणसाला विचारायचं. मग निवडलेला फोल्डर त्याच ड्राइव्हवर ‘नष्ट करायचे’ अशा वेगळ्या ठिकाणी हलवायचा. एकाच ड्राइव्हवर नाव बदलणं, जागा बदलणं हे एका झटक्यात होतं, पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही. सहाशे-चारशेचा गोंधळ इथे उद्भवत नाही. तिथे सात दिवस राहू द्यायचं, मग खरोखर काढायचं, आणि काय, कधी, कोणत्या नियमाने काढलं हे एका नोंदीत लिहायचं. नोंदीत फाइलचं नाव आणि तारीख पुरे, आधार क्रमांक नको. जुन्या कारकुनी पद्धतीतली यादी, मंजुरी, नाश आणि नोंद ही साखळी अशी तीस-चाळीस ओळींत प्रोग्रॅममध्ये बसते.

पुसायची भीती वाटते म्हणून काहीच पुसायचं नाही, हेही बरोबर नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ज्या कामासाठी माणसाची माहिती घेतली ते संपलं आणि कायद्याने ती ठेवणं बंधनकारक नसलं, तर ती पुसली पाहिजे, ही जबाबदारी त्यात आहे. सोसायटीच्या कार्यालयात, क्लासमध्ये, दवाखान्यात वर्षानुवर्षं साठलेले आधारचे स्कॅन कोणाच्या तरी हाती लागण्याचीच वाट पाहत असतात. दुसऱ्या बाजूला, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकातली माहिती पुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली नुकसानभरपाईचा विषय आहे. अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सार्वजनिक अभिलेखांसाठी महाराष्ट्राचा २००५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

पालिकेच्या बाबतीत नोंदी जपण्या-पुसण्याचा हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे ते डोंबिवलीकरांनी अनुभवलं आहे. पालिकेच्या नावाच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं प्रकरण २०२२ मध्ये गाजलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि कर्ज काढून घरं घेतलेली कुटुंबं मधल्या मध्ये अडकली. परवानगी खोटी आहे हे ठरवायला पालिकेचं दप्तर हाच आधार असतो. ‘अशी नोंद आमच्याकडे नाही’ या उत्तराचे मात्र दोन अर्थ होऊ शकतात : नोंद कधी नव्हतीच, किंवा होती आणि काढली गेली. काढलेल्या प्रत्येक नोंदीची स्वतंत्र, बदलता न येणारी नोंद असेल तरच हे दोन अर्थ वेगळे करता येतात. ती नसेल तर खऱ्या परवानगीचा मालकही उद्या हतबल होईल आणि खोट्या कागदाचा मालकही ‘तुमच्याकडून हरवली’ असं म्हणू शकेल.

म्हणून दोन विनंत्या. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या महाविद्यालयांत जावा आणि पायथॉनची प्रात्यक्षिकं घेणाऱ्या शिक्षकांनी फाइल तयार करा, वाचा, लिहा यांच्या बरोबरीने ‘भरलेला फोल्डर सुरक्षितपणे काढा’ हा प्रश्न परीक्षेत द्यावा आणि पत्ता रिकामा आला तर प्रोग्रॅम काय करतो त्याला गुण ठेवावेत. आणि आपल्या महानगरपालिकांनी सॉफ्टवेअरच्या पुढच्या निविदेत एक अट घालावी : यादी, मंजुरी, राखून ठेवायची मुदत आणि कायमची नोंद यांच्याशिवाय कोणतीही फाइल या प्रणालीतून काढता येणार नाही. नगरसेवकांकडे, प्रभागाच्या बैठकीत, माहितीच्या अधिकारात आपणही हा प्रश्न विचारू शकतो : आमच्या नोंदी कोण, कशा पुसू शकतो आणि पुसल्याचं कुठे लिहिलं जातं?